डबल खाडा

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मला ताप आला. साधाच व्हायरल, पण चढला तो थेट एकशे तीनवर. सकाळी डोळे उघडत नव्हते, तरी उशाखालचा मोबाईल चाचपून मी ऑफिसच्या रजेच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसलो. (बसलो कसला, आडवाच होतो.) पोर्टलनं लाल अक्षरांत कळवलं की आजच्या रजेचा अर्ज आज करता येत नाही. आदल्या दिवशी करता येतो. नाहीतर कामावर परत आल्यावर, सर्टिफिकेट जोडून आणि साहेबांच्या मंजुरीनं. थोडक्यात, आजारी पडण्याआधी अर्ज करा किंवा बरं झाल्यावर करा. प्रत्यक्ष आजारी असलेल्या माणसासाठी त्या पोर्टलवर एकही बटण नाही.

सोमवारपर्यंत अंगात त्राण नव्हतं, म्हणून सोमवारही बुडाला. मंगळवारी सकाळी खडखडीत बरा असताना मी सोसायटीखालच्या डॉक्टरांकडे गेलो आणि खोकणाऱ्या पंधरा माणसांत तासभर बसून सर्टिफिकेट मिळवलं. डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं, "किती दिवसांचं लिहू?" एवढी आपुलकी मला अख्ख्या आजारपणात कुणी दाखवली नव्हती.

ऑफिसात गेल्यावर कळलं की माझी रजा दोन नाही, चार दिवसांची लागली. शुक्रवार आणि सोमवार यांच्या मधे सापडलेले शनिवार-रविवारसुद्धा रजेत धरायचे असा नियम आहे. याला सँडविच म्हणतात. नोकरी करणाऱ्यांना हे नवीन नाही, मलाही नव्हतं, पण तापातून उठल्यावर जरा जास्तच लागलं. एचआरमधली मुलगी बिचारी ओशाळून म्हणाली, "सर, सिस्टिमच तसं घेते हो."

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझा डबल खाडा झाला की रे!"

खाडा हा शब्द आमच्याकडे आजीचा. शाळा बुडाली की खाडा, दूधवाला आला नाही की खाडा, कामवालीनं दांडी मारली तरी खाडाच. पण डबल खाडा? आई म्हणाली, तो तुझ्या आजोबांच्या गिरणीतला शब्द. त्यांच्याही आधीच्या लोकांचा खरं तर. मग त्या शब्दामागे लागलो, आणि बरीच जुनी पुस्तकं चाळून झाली. आज लिहायचंय ते त्याबद्दल.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये डबल खाडा ही चांगली रुळलेली पद्धत होती. कामगार एक दिवस न सांगता गैरहजर राहिला तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापायचा. एक दिवस काम केलं नाही म्हणून, आणि दुसरा कशाबद्दल? तर शिस्तीबद्दल. गिरणीत माणूस आला नाही तर साचा बंद राहतो, मालकाचं नुकसान होतं, ही त्यामागची बाजू. ती अगदीच खोटी नव्हती. पण गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगारांची रांग उभी असायची. त्यातला एखादा उचलून मुकादम त्या साच्यावर उभा करायचा. साचा बंद पडतच नव्हता. पडला तरी फार तर तासभर.

बरं, आजारी माणसानं सांगायचं कुणाला आणि कसं? चाळीतल्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा, शेजाऱ्यानं तो मुकादमाला सांगायचा, आणि मुकादमाची मर्जी असेल तर तो वर पोचायचा. गिरणी कामगाराच्या दृष्टीनं मुकादम म्हणजेच गिरणी. कामावर ठेवणारा तो, काढणारा तो, उसने पैसे देणारा अनेकदा तोच, आणि दस्तुरी घेणाराही तोच. त्याच्याशी बरं असलं तर आजार खरा. बरं नसलं तर खाडा.

त्यात पगार दिला जायचा महिना संपल्यावर, आणि तोही पुढच्या महिन्यात बराच उशिरा. म्हणजे कामगाराचा महिना-दीड महिन्याचा पगार कायम गिरणीकडे अडकलेला. वैतागून सोडून जावं तर तेवढ्यावर पाणी.

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आपण रविवारच्या सुट्टीसाठी घेतो, आणि ते बरोबरच आहे. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवार सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. पण त्याआधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जे मागणीपत्र तयार केलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या आणि अंगठे केले होते. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि शेवटी एक मागणी अशी की गिरणीत काम करताना कुणाला इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

हे वाचून मी थबकलो. इजेचा उल्लेख आहे, आजाराचा नाही. लोखंड्यांना आजार दिसत नव्हते असं कोण म्हणेल? ते स्वतः गिरणीत नोकरी केलेले, 'दीनबंधू' चालवणारे, चाळीचाळींतून फिरणारे. मला वाटतं, त्यांना काय मागितलं तर मिळण्याची थोडी तरी शक्यता आहे याचा नेमका अंदाज होता. पट्ट्यात सापडलेला हात सगळ्यांना दिसतो. ताप कुणाला दिसत नाही. तुटलेल्या हाताला साक्षीदार असतात, तापाला फक्त तो माणूस स्वतः आणि त्याची बायको. त्या काळी इतकं मागणंही धाडसाचंच होतं. अपघाताच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं, म्हणजे एकोणचाळीस वर्षं. आजाराच्या पैशाला त्याहून पंचवीस वर्षं जास्त लागली.

लोखंडे तोवर नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्याच कामात असताना ते गेले. महिनाभरानं पुण्याला सावित्रीबाई गेल्या, त्याही तशाच.

प्लेगच्या त्या महिन्यांत गिरण्यांमध्ये मात्र एक गंमत झाली. (गंमत म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) लोक जिवाच्या भीतीनं मुंबई सोडून पळाले. गिरण्या ओस पडायला लागल्या. आणि जे मालक महिना-दीड महिना पगार दाबून ठेवत होते तेच रोजच्या रोज, संध्याकाळी हातावर रोख मजुरी मोजायला लागले. एका गिरणीची माणसं दुसरी गिरणी नाक्यावर उभं राहून जास्त पैसे देऊन पळवायला लागली. आधी जे नियम मोडले तर गिरणीच बुडेल म्हणून सांगितलं जायचं, ते नियम काही आठवडे कुठे गेले कुणाला कळलं नाही. गिरण्या काही बुडाल्या नाहीत. प्लेग ओसरला तसे नियम परत आले.

२०२० साली आपण वेगळं काय पाहिलं? नुसती शिंक आली तरी "येऊ नका, घरीच थांबा" म्हणून ऑफिसचे मेल येत होते. सर्टिफिकेट कुणी मागत नव्हतं. सगळं शहर आजारी असलं की एकट्यादुकट्याच्या आजारावर संशय घ्यायला कुणाला सवड नसते. पुढे माझ्या ऑफिसात लाल अक्षरं परत आली.

असो. डबल खाड्याकडे परत येतो.

१९२९ साली सरकारनं व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांची परिस्थिती पाहायला कमिशन नेमलं. आपले ना. म. जोशी त्यात सभासद होते. १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात आजारपणाबद्दल जे लिहिलंय ते रुक्ष सरकारी इंग्रजीतलं असूनही टोचतं. त्याचा मथितार्थ असा की या देशातल्या कामगाराला आजार जास्त, औषधपाण्याची सोय कमी आणि मजुरी इतकी तोकडी की चार दिवसांहून जास्त अंथरूण धरलं तर कर्ज काढल्याशिवाय गत नाही. दुसरी गोष्ट कमिशननं मान्य केली ती गावाची. कामगार आजारी पडला की गावी जातो. रत्नागिरीचा असो, साताऱ्याचा असो, की कोल्हापूरचा. मालक लोक याला बेशिस्त म्हणायचे. कमिशन म्हणालं, गाव हाच त्याचा विमा आहे, तो तोडू नका, उलट जाण्यायेण्याची नीट व्यवस्था लावा.

डबल खाडा कायद्यानं संपला तो १९३६ च्या पगाराच्या कायद्यात. जितका वेळ गैरहजर तितक्याच वेळेचा पगार कापता येईल, त्याहून जास्त नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं. अर्थात तिथंच एक पाचरही मारून ठेवली: दहा किंवा जास्त कामगार संगनमतानं न सांगता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. एकट्याचा ताप माफ, दहा जणांचा म्हणजे संप!

आता माझ्या सँडविचला हा कायदा का लागू नाही, तर तिथं पगार कापतच नाहीत, रजा कापतात. माझ्या वकील मित्राला विचारलं, तो हसला आणि म्हणाला, "जाऊ दे ना, खा सँडविच."

पुढचा भाग आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरुवात, त्याच दिवशी दिल्लीतही, आणि १९५४ मध्ये तो मुंबईत पोचला. मालकाचे काही पैसे, कामगाराचे काही पैसे, आणि आजारी पडलं तर डॉक्टर, औषध आणि साधारण अर्धा पगार. पहिल्यांदाच आजारी माणसाच्या हातात मुकादमाची मर्जी न सांभाळता काही पैसे पडायला लागले. शिवाय कायद्याचं ७३ वं कलम असं की आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या माणसाला त्या काळात मालकानं बडतर्फ करायचं नाही की शिक्षा करायची नाही. क्षयाच्या पेशंटना पुढे दीर्घ मुदतीचा भत्ता मिळायला लागला, त्यानं किती संसार तगले असतील.

पण अटी पाहा. आजाराचे पहिले दोन दिवस बिनपैशांचे. म्हणजे दोन दिवसांचा ताप हा कायद्याच्या नजरेत तापच नाही. सर्टिफिकेट ठरलेल्या डॉक्टरचंच. आणि भत्ता घेणाऱ्यानं उपचार चालू असलेला भाग परवानगीशिवाय सोडायचा नाही. व्हिटली साहेबांनी ज्या गावाला विमा म्हटलं होतं, त्या गावी जायचं तर आता खऱ्या विम्याची परवानगी लागणार होती. लबाडी टाळायला हे हवं होतं, मान्य. लबाडी होतही असणार. तरी दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे पाळीपाळीनं बारा माणसं झोपतात, तिथेच पडून राहा म्हणजे बरा होशील, असं सांगणाऱ्यानं ती खोली पाहिली होती की नाही कोण जाणे.

इथे आजोबा येतात.

ते लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. गाव देवगड तालुक्यातलं. साल पंचावन्न की छप्पन, आईला नक्की आठवत नाही. मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला रजा घेऊन गेले आणि तिकडे विषमज्वरानं पडले. चार आठवडे. वाचतील असं आजीला वाटलं नव्हतं. उठून बसले तोवर पावसाळ्यापायी बोटी बंद झालेल्या, म्हणून फोंडा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून रेल्वेनं मुंबई. बरोबर तालुक्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं. गिरणीच्या डॉक्टरनं जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाला, "आता तर ठणठणीत दिसतोस."

आजोबा म्हणाले, "सायब, बरो झालंय म्हणान इलंय."

आजी हे वाक्य सांगताना दर वेळी हसायची आणि मग गप्प व्हायची. साच्यावर दुसरा माणूस लागला होता. रजा संपून आठ दिवसांत हजर न झालेल्याचं नाव आपोआप कमी होतं, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढची दोन वर्षं आजोबा त्याच गिरणीच्या दारात बदलीच्या रांगेत उभे राहायचे. आईच्या थोरल्या भावाची शाळा त्याच दोन वर्षांत सुटली.

लहानपणी मला वाटायचं, हा त्या एका गिरणीचा दुष्टपणा. तसं नव्हतं. आता सापडलेला एक खटला सांगतो, मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचा. जानेवारी १९५७ मध्ये तिथला एक कामगार चार-पाच दिवसांच्या रजेवर आंध्रातल्या आपल्या गावी गेला. तिथे त्याला मलेरिया आणि हगवण लागली. मार्चमध्ये तो सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन परतला. मिलच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की हा दोन महिने आजारी होता की नाही हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मिलच्या स्टँडिंग ऑर्डर्सप्रमाणे आठ दिवस बिनपरवाना गैरहजर म्हणजे नोकरी सोडल्यासारखंच. आता यातली मेख अशी की तेच सर्टिफिकेट ईएसआयनं खरं मानलं आणि त्याला आजारपणाचा भत्ताही दिला! एका कचेरीच्या लेखी तो आजारी होता, दुसरीच्या लेखी पळून गेलेला.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९६३ मध्ये निकाल लागला, लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. त्यांचा युक्तिवाद काटेकोर आहे. ७३ वं कलम मालकाला बडतर्फ करायला मनाई करतं. इथे मालकानं बडतर्फ केलेलंच नाही, नियमानुसार नोकरी आपोआप संपली. सबब ७३ वं कलम लागू नाही. कामगार हरला.

मी काही कायदा शिकलेला नाही, आणि गजेंद्रगडकर हे कामगारांच्या बाजूनं विचार करणारे न्यायाधीश म्हणूनच ओळखले जातात. पुढे १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे तेच अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. पण ते "आपोआप" मला खटकतं. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी हजेरीपटावर बसतं, कुणीतरी नावावर रेघ मारतं. आजोबांच्या नावावर रेघ मारणाऱ्या कारकुनालाही घरी गेल्यावर आपण काही केलं असं वाटलं नसणार. नियमानं केलं. सिस्टिमच तसं घेते हो.

तीस वर्षांनी, १९९३ मध्ये, आठ दिवसांच्या गैरहजेरीवरून नाव कमी झालेल्या दुसऱ्या एका कामगाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्टँडिंग ऑर्डरमध्ये काहीही लिहिलं असो, माणसाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय असं नाव काढता येणार नाही. ऐकून घ्या, एवढंच. आजोबा त्याआधीच वारले होते.

हे सगळं वाचताना १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधली एक छोटी तरतूद सापडली. त्यात भरपगारी रजेसाठी किमान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करायचा नियम होता. पण लगेच पुढे लिहिलं होतं की कामगाराला ती रजा आजारपणासाठी हवी असेल, तर अर्ज वेळेत आला नसला तरी ती दिलीच पाहिजे. म्हणजे कुणीतरी, दिल्लीतल्या कुठल्यातरी टेबलाशी, मसुदा लिहिता लिहिता थांबलं होतं आणि त्याच्या लक्षात आलं होतं की ताप काही पंधरा दिवस आधी कळवून येत नाही. त्या माणसाचं नाव कुठं मिळत नाही. मिळालं असतं तर मी आमच्या पोर्टलवाल्यांना कळवलं असतं.

आईकडे आजोबांचं ते सर्टिफिकेट अजून आहे, रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत. कागद घड्यांवर फाटलाय, शाई तपकिरी झालीय, पण तारखा वाचता येतात. माझं मी मंगळवारीच फोटो काढून अपलोड केलं. अजून 'मंजुरी प्रलंबित' असंच दाखवतंय.